लाल पाण्यात धुतलेली अंडी

किसन, तुझी अंडी मी धुतली.

हे एवढं वाक्य तुला तोंडावर सांगायला मला तीन वर्षं मिळाली होती. सांगितलं नाही. आता तू नाहीस, आणि सोमवारी सकाळी दहा वाजता हेच वाक्य मला प्रयोगशाळेत तीन माणसांसमोर म्हणायचं आहे. पुण्याहून तुझे गाईड सर येणार, आपले प्राचार्य बसणार आणि तुझी बायको येणार. मी 'हो, धुतली' म्हणालो तर तुझा प्रबंध उभा राहतो. 'नाही' म्हणालो तर तो रद्दीत जातो. सहा वर्षं तुझ्या बाटल्या विसळणाऱ्या हमालाच्या हातात तुझी पदवी आली आहे. तू असतास तर हसला असतास, तुझं ते तिरकं हसू.

आज शनिवार. तुला जाऊन अकरा दिवस झाले. कावीळ झाली आणि पंधरवड्यात गेलास. हळदीत राहून राहून पिवळा पडला, असं स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं. दोघं-तिघं हसले. मी चहाचे कप उचलत होतो, मीही हसलो. मेलेल्या माणसाशी खोटं बोलून काय मिळवायचं आहे, म्हणून सांगतो.

तुला 'तू' म्हणतोय हे तुझ्या ध्यानात आलं असेल. कॉलेजात तुला 'सर' म्हटलं ते तोंडानं. मनात कायम अरे-तुरे. देवाला आणि मेलेल्याला आपल्यात अरे-तुरेच करतात, तेव्हा आज कुणी नावं ठेवायचं नाही.

आपण एकाच गावचे, कोरेगावाकडचे. आमचा ऊस, आमची विहीर. तुझा बाप गावकीचं काम करायचा. मेलेलं जनावर ओढायचा, मयताचे सांगावे पोचवायचा आणि तिन्हीसांजेला दारोदार भाकरी मागायचा. माझी आई भाकरी वरून टाकायची, ताक वरून ओतायची. ताक कधी कधी पदरावर सांडायचं, ती लक्ष द्यायची नाही. शाळेत तू दाराबाहेर बसायचास. मी वरच्या वर्गात, मॉनिटर. तुला पाणी पाजायचं काम माझ्याकडं. तुझ्या ओंजळीत मी उंचावरून तांब्या असा धरायचो की पाणी तुझ्या नाकात जावं. तू ठसकलास की पोरं हसायची. माझ्या मॉनिटरपणातला तेवढाच भाग मला आवडायचा.

पुढं मी फौजेत गेलो, तिथल्या इस्पितळात अर्दली झालो. तू शिकत राहिलास. छप्पन साली तुम्ही मंडळी बौद्ध झालात आणि गावकीचं काम सोडलंत. मेलेला बैल आता कोण ओढणार यावर गावानं तीन दिवस बैठक घातली, असं थोरल्या भावाचं पत्र आलं होतं. तोवर बैल फुगला होता म्हणे. फौज सुटल्यावर मी सांगलीच्या कॉलेजात प्रयोगशाळेचा हमाल म्हणून लागलो. दोन वर्षांनी प्राचार्यांनी तुला आणून दारात उभा केला. "हणमंतराव, हे आपले नवे डेमॉन्स्ट्रेटर."

प्राचार्य वळल्यावर तू म्हणालास, "आवं हणमंतराव, वळखलं का?"

"वळखलं, सर."

"सर कशाला म्हणताय? आपल्या गावचं हाय मी."

"मग काय म्हणू?"

मी ते खवचटपणे विचारलं होतं. तुला गावात आम्ही काय म्हणून हाक मारायचो ते तुला माहीत होतं आणि मलाही. तू माझ्याकडं बघितलंस आणि म्हणालास, "सरच म्हणा." त्या दिवसापासून मी तुझ्यावर दात धरला. तुझ्या बापाला भाकरी टाकणाऱ्या बाईचा मुलगा तुझ्या बाटल्या धुणार होता. हे जगात कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, गावात तर नाहीच. गावात मी सांगितलं होतं की मी कॉलेजात 'असिस्टंट' आहे.

तुझं खूळ होतं तो हळदीचा किडा. मोहरीएवढा तांबूस भुंगेरा. सांगलीत वखारींना त्याचा ताप. हळकुंड इतकं कडक की अडकित्त्यानं फुटत नाही, चवीला कडू, उंदीरसुद्धा तोंड लावत नाही. आणि हा भुंगेरा त्यातून भोकं पाडून आरपार जातो, त्याची पिल्लं त्याच्यावर पोसतात. तू म्हणायचास, हे त्याला पचतंच कसं? हरिपूरच्या पेवात, जमिनीखाली माती लिंपून बंद केलेल्या हळदीला तो लागत नाही, कारण तिथं हवा नाही. वखारीत लागतो. हवेचं कारण तुला पुरेसं वाटायचं नाही. तुला त्याचं पोट बघायचं होतं.

मला घेऊन तू वखारीत गेलास किडे आणायला. मुकादम म्हणाला, "किडं पायजेत? पोतंभर न्या की. फुकट." त्यानं मला चहा दिला. तुला नाव विचारलं, गाव विचारलं, आडनाव विचारलं, मग तुझ्यापुरता चहा संपला.  बाहेर आल्यावर मी रस्ताभर मिशा पुसत होतो.

तरी तू मला शिकवलंस. हे कबूल करायला जिवावर येतंय, पण शिकवलंस. दुसऱ्या कुणी डेमॉन्स्ट्रेटरनं हमालाला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावू दिला नसता. तू अळीचं पोट सुईनं उकललंस, निळा रंग घातलास आणि म्हणालास, "बघा, काय दिसतंय?"

"ठिपकं दिसत्यात. थेंबावानी. लय हायेत."

"ते जित्तं हायेत. किण्व म्हणत्यात त्याला. पावाचं पीठ आंबतंय न्हवं, त्याच जातीचं. अळीच्या पोटात त्यांच्यासाठी पिशव्या हायेत. हळकुंडात जे नसतंय ते अळीला हे पुरवत्यात, आन बहुतेक कडूचं ईखबी मारत्यात. हे नसलं तर अळीनं कितीबी हळद खाऊ दे, अंगाला लागायची न्हाई."

"मग ह्यो पोटात येतो कुठनं? देवानं दिलेला?"

"देवानं न्हाई, आईनं. मादी अंडं घालती तवाच त्याच्यावर ह्याचा हात फिरवती. पिल्लू भायेर आलं की पैल्यांदा सोताच्या अंड्याचं टरफाल खातंय. त्यातनं ह्ये पोटात."

मी घरी येऊन बायकोला सांगितलं, की आई अंड्याला विरजण लावून देते. तिला ते लगेच कळलं. तंबाखूच्या किड्यात परदेशातल्या लोकांनी हे बघून ठेवलंय, आपल्या हळदीवर कुणी नीट केलेलं नाही, असं तू म्हणायचास. तुला एवढंच दाखवायचं होतं: अंडी धुतली की पिल्लं खुरटून मरतात, न धुतलेली वाढतात. एक गट तू स्पिरिटनं धुवायचा, दुसरा तसाच ठेवायचा. तुला वाटलं होतं वर्षात उरकेल.

आता ब्रशचं सांगतो.

अंडं खसखशीपेक्षा बारीक. ते उचलायला तुझ्याकडं दोन केसांचा ब्रश होता. ब्रशचं टोक जुळावं म्हणून तू ते ओठात धरून ओलं करायचास, मग अंडं उचलून काचेच्या वाटीत ठेवायचास. पुन्हा ओठात, पुन्हा अंडं. मग ती वाटी माझ्याकडं. अंडी हळदीच्या पिठाच्या बाटल्यांत घालायची, चिठ्ठ्या लावायच्या, बल्ब लावलेल्या पेटीत ठेवायच्या, हे काम माझं. म्हणजे तुझं उष्टं मी हातानं उचलायचं. दिवसाला चार-चार वाट्या.

पहिल्या दिवशी मी वाटी तशीच तासभर ठेवली. मग कपाटातून परमँगनेटची बाटली काढली. फौजेत आम्ही भाज्या त्या लाल पाण्यात धुवायचो, पटकीच्या साथीत विहिरीत टाकायचं तेच औषध. मी अंडी मलमलीच्या तुकड्यात घेतली, लाल पाण्यात बुडवली, साध्या पाण्यातून काढली, टिपकागदावर सुकवली आणि मग हात लावला. दोन्ही गट. रोज. तू तासाला वर्गावर गेलास की. कुणी विचारलं असतं तर फौजेची सवय म्हणालो असतो, आणि ते निम्मं खरंही ठरलं असतं. पण फौजेत मी दुसऱ्या कुणाचं उष्टं कधी लाल पाण्यात धुतलं नव्हतं, तिथं एका मगात चौघं प्यायचो.

विरजण आणि धुणं या दोन गोष्टी मी जोडल्या नाहीत. हे खरं सांगतो. माझं डोकं तेवढं चालत नाही. एवढ्या बारीक जिवाचं माझ्या पाण्यानं काही वाकडं होईल असं मला पहिलं वर्षभर सुचलं नाही. दुसऱ्या वर्षी सुचलं. आणि तरी मी धुत राहिलो.

तुझी सगळी पिल्लं मेली. धुतलेली मेली, न धुतलेलीही मेली. तीन आठवडे झाले तरी अळ्या सुईच्या टोकाएवढ्याच, मग एक दिवस सगळ्या पिठावर वाळून पडलेल्या. तू पीठ बदललंस, बल्ब बदललास, बाटल्या बदलल्यास. पुन्हा मेल्या. पुन्हा केलंस. वखारीचा मुकादम सगळ्यांदेखत म्हणाला, "आमच्यात मरंना म्हणून शेठ रडतोय, आन तुमच्या बाटलीत जगंना व्हय? किड्याला बी कळतंय जणू कुणाच्या हातात पडलो त्ये." मी तुझ्या मागं उभा होतो. हसू दाबलं, पण तुला ते ऐकू गेलं.

गाईड सरांचं पत्र आलं ते तू मला वाचून दाखवलंस, का ते तुलाच ठाऊक. "ज्याला किडा जगवता येत नाही त्यानं किड्यावर प्रबंध लिहू नये." तुझा आवाज सपाट होता. त्या साली तुझ्यामागून आलेला पोरगा लेक्चरर झाला आणि तू डेमॉन्स्ट्रेटरच राहिलास. मला वाईट वाटलं असं लिहिलं तर शोभून दिसेल. मला बरं वाटलं. शाळेच्या दारात तू ठसकायचास तेव्हा वाटायचं तसं.

त्याच महिन्यात माझ्या हातून सूक्ष्मदर्शकाचं महागाचं भिंग फुटलं. कॉलेजात तसं एकच होतं. माझी नोकरी गेली असती. तू प्राचार्यांना लेखी दिलंस की ते तुझ्या हातून फुटलं. मी येऊन म्हणालो, "सर, लय उपकार झालं." तू म्हणालास, "तुमची पोरगी यंदा अकरावीला हाय न्हवं?" बस्स. आणि दुसऱ्या दिवशी तुझी अंडी मी पुन्हा लाल पाण्यात बुडवली. त्या दिवशी पाणी थोडं जास्तच लाल होतं. असं का केलं ते मला आजही सांगता येणार नाही. ज्यानं उपकार केले त्याच्यावर राग जास्त येतो, एवढं मात्र मी स्वतःवरून शिकलो.

मग कोयनेचा भूकंप झाला. गावाकडच्या घराची भिंत खाली आली म्हणून मी महिन्याची रजा काढली. परत आलो तर तू पेटीसमोर स्टूल टाकून बसलेला. एका ओळीतल्या बाटल्यांत अळ्या टरारलेल्या, पांढऱ्या, आळस दिल्यासारख्या वळलेल्या. पीठ भुसभुशीत झालेलं. ती सगळी अंडी तू स्वतःच्या हातानं घातली होतीस.

"हणमंतराव," तू वर न बघता म्हणालास, "तुमी अंड्यांना काय लावता का?"

"न्हाई सर. आमी काय लावायचं?"

तू माझ्या हाताकडं बघितलंस. परमँगनेटनं नखं तपकिरी होतात, महिनाभर गावी राहिलो तरी कडेला डाग होतेच. मी हात मागं घेतले. तू मान हलवलीस आणि म्हणालास, "बरं. तसंबी असंल." तिथं आपलं बोलणं संपलं. भांडायला पाहिजे होतंस तू. मला शिवी द्यायला पाहिजे होतीस. प्राचार्यांकडं न्यायला पाहिजे होतंस, अस्पृश्यतेचा कायदा तुझ्या बाजूचा होता, कॉलेजच्या भिंतीवर लिहिलेला होता. मी रात्रंदिवस वाट बघत होतो. तू काहीच केलं नाहीस, आणि मला वाटलं की तू भ्यालास. तुझ्या भित्रेपणावर मी मनात थुंकलो.

नंतरचं वर्षभर तू एक नवीनच सुरू केलंस. निम्मी अंडी स्वतःच बाटल्यांत घालायचास, निम्मी वाटीतून माझ्याकडं द्यायचास. स्पिरिटची बाटली तू कपाटात ठेवून दिलीस. मला वाटलं तुझा उत्साह संपला. आणि आणखी एक गोष्ट. ब्रश ओठात धरायचं तू माझ्यादेखत करायला लागलास. आधी तू ते पाठमोरा करायचास. आता माझ्याकडं बघत, सावकाश, टोक ओठांत फिरवायचास, अंडं उचलायचास आणि वाटी पुढं सरकवायचास. "घ्या, हणमंतराव." माझी कानशिलं तापायची. मी वाटी उचलायचो आणि पडवीत जाऊन दुप्पट धुवायचो.

मिरजेच्या इस्पितळात तुला बघायला आलो तेव्हा तुझे डोळे पिवळेजर्द. मी मोसंबी आणली होती. तुझ्या बायकोनं सोलली, तू निम्मी माझ्यापुढं धरलीस. मी म्हणालो, आज उपास आहे. मोसंबी उपासाला चालते हे तुलाही माहीत होतं. तू हात तसाच धरून ठेवलास. बराच वेळ. मग म्हणालास, "कावीळ हाय, लागंल म्हनून भ्याला असाल. बरोबर हाय तुमचं." माझ्यासाठी कारणसुद्धा तूच शोधलंस. मी म्हणालो, व्हय. आणि उठलो. तुझी-माझी तीच शेवटची भेट.

तू गेल्यावर चौथ्या दिवशी तुझ्या बायकोनं, शांताबाईंनी, बोलावलं. तुमच्याकडं दिवसकार्य नाही, त्रिशरण पंचशील झालं होतं, भिंतीशी एक मेणबत्ती अर्धी जळून विझलेली. बाई शाळामास्तरीण, बोलणं नेमकं. त्यांनी तुझी कच्ची वही माझ्यापुढं उघडली. शेवटच्या वर्षाचं पान. वर दोन रकाने. 'अ: माझ्या हातची.' 'ब: हणमंतरावांच्या हातची.' अ सगळी वाढलेली. ब सगळी खुरटून मेलेली. महिन्यामागून महिना. आणि खाली तुझ्या बारीक अक्षरात: 'ब गट धुतला जातो. कशात ते विचारलेलं नाही.'

मी ते तीनदा वाचलं. माझ्या पायाखालची जमीन गेली वगैरे काही नाही, मला संताप आला. तुला सगळं कळलं होतं. वर्षभर तू मला ओठांनी डिवचत होतास, मी धुवावं म्हणून. माझ्या घाणेरड्या मनाचं तू औषध करून वापरलंस. तुझ्या प्रयोगात मी स्पिरिटच्या बाटलीच्या जागी होतो.

"त्यांनी मला सांगितलं होतं," शांताबाई म्हणाल्या. "मी म्हणाले, विचारा की सरळ त्यांना. तर म्हणाले, विचारलं तर धुवायचं थांबवतील. मग माझा ब गट कुठनं आणू?"

 त्या पुढं म्हणाल्या, "वही पुण्याला पाठवणार आहे. ते तुम्हाला बोलावतील. यायचं का नाही ते तुमचं तुम्ही बघा." चहा विचारला नाही. विचारला असता तर मी प्यायलो असतो का, हे मी त्या दिवसापासून स्वतःला विचारतोय, आणि उत्तर रोज वेगळं येतं.

गाईड सरांचं पत्र आलंच. ब गट कशात धुतला, किती दाट, किती वेळ, हे सांगणारा माणूस पाहिजे, नाहीतर सगळं काम फुकट. प्राचार्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "फौजेची सवय होती म्हणा. स्वच्छता म्हणा. जास्त खोलात जाऊ नका, तुम्हालाच जड जाईल." चांगला माणूस. माझी नोकरी वाचावी असं त्यांना वाटतं, कॉलेजचं नावही. धुतली हे मी सांगणार. तेवढं मी ठरवलंय, तुझं काम मी बुडवणार नाही. पण का धुतली? स्वच्छता म्हणालो की सगळं मिटतं. पोरीचं लग्न ठरायचंय. गावाला कळलं की हा तिथं 'त्यांच्या' बाटल्या धुतो तर तोंड दाखवायला जागा नाही, आणि दुसऱ्या बाजूनं कायदा आहेच. इकडं आड, तिकडं विहीर, आणि दोन्हीकडं ढकलणारा तू. किसन, तू फार दुष्ट होतास. माझ्याइतका नव्हतास, पण होतास.

हे पुढचं मंगळवारी लिहितोय.

काल दहाला सगळे बसले. गाईड सर म्हातारे, कानानं कमी. शांताबाईंचं अक्षर चांगलं म्हणून जबाब उतरवायला त्यांनाच बसवलं. मी सांगितलं की अंडी मी धुतली. गाईड सर म्हणाले, करून दाखवा. मी वाडग्यात पाणी घेतलं, परमँगनेटचे खडे टाकले, मलमल बुडवली, दोन मिनिटं धरली, काढली. त्यांनी घड्याळ लावलं, रंग उजेडात धरून बघितला, खडे तोलून बघितले. चेहरा उजळला त्यांचा. "उत्तम. अगदी नियमित. तीन वर्षं असंच? कधी खंड नाही?"

"न्हाई, सर. रजेचा महिना सोडला तर एक दिस बी न्हाई."

"शाबास," ते म्हणाले. मला शाबास म्हणाले, किसन. वही मिटायला लागले.

मी म्हणालो, "का धुतली ते ऱ्हायलं."

प्राचार्य माझ्याकडं बघायला लागले. गाईड सरांना ऐकू आलं नाही, की त्यांनी ऐकलं नाही, ते चष्मा पुसत होते. शांताबाईंनी मात्र टाक उचलला आणि थांबल्या. मी त्यांच्याकडं बघून सांगितलं. "लिवा, बाई. सर ब्रश तोंडात धरायचे. त्यांच्या उष्ट्याचा मला इटाळ वाटायचा, जातीमुळं. म्हनून धुतली. दुसऱ्या वर्षी कळत व्हतं की ह्येनंच मरत्यात. तरी धुतली."

त्यांनी लिहिलं. एक शब्द गाळला नाही, एक वाढवला नाही.  प्राचार्य खिडकीबाहेर बघत होते.

गाईड सरांनी कागद वाचला. शेवटच्या ओळींवर आले, लाल पेन्सिल काढली आणि त्या आडव्या रेघेनं खोडल्या. रागानं नव्हे, विद्यार्थ्याची चूक खोडावी तशा. "पद्धत पुरे," म्हणाले. "प्रबंधात कारण लागत नाही. नव्या कागदावर उतरवा." मग आभाराच्या पानासाठी एक वाक्य सांगितलं. अंडी निर्जंतुक करण्याच्या कामी प्रयोगशाळेतील श्री. हणमंतराव यांनी सलग तीन वर्षं निष्ठेनं घेतलेल्या परिश्रमांबद्दल लेखक त्यांचा ऋणी आहे. शांताबाईंनी तेही उतरवलं. मी सही केली. पदवी मिळेल म्हणाले, वेळ लागेल, पण मिळेल. प्राचार्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांसाठी चहा आणायला सांगितला. माझ्या नोकरीचं कुणी नाव काढलं नाही.

मी चहा आणला. चार कप आणले होते, शांताबाईंनी घेतला नाही. त्यांनी खोडलेला पहिला कागद गाईड सरांकडून मागून घेतला, चार घड्या घातल्या, पिशवीत ठेवला आणि माझ्याकडं न बघता घरी गेल्या.